शेजारची जागा
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेतील भाषण)



या आनंदप्रसंगी प्रथम मला माझी एक चूक कबूल करावयाची आहे. काही वर्षांपूर्वी मिस्सा चालू असता मागील बाकावर एक बालक मोबाइलवर खेळ खेळताना माझ्या दृष्टीस पडले. मिस्सा संपताच मी त्याच्या मातेस चारचौघांत बोल लावला. ती एवढेच म्हणाली, "फादर, हा खेळ हाती नसता तर आम्हांस देवळात येताच आले नसते." ते बालक स्वमग्न होते.

स्वमग्नता हा आईबापांच्या लाडाचा अथवा हयगयीचा परिणाम नव्हे. ती मेंदूच्या घडणीतील भिन्नता होय. 2016 च्या कायद्यानेही तिची गणना दिव्यांगत्वात केली आहे. अशा बालकास गोंगाट, माणसांचे चेहरे, अवचित बदललेला बेत हे सारे जड जाते. आणि आपल्या घाटकोपर-मुलुंडच्या दाट वस्तीत यांवाचून दुसरे आहे काय? व्हिडिओ गेममध्ये मात्र नियम बदलत नाहीत. तीच कळ दाबली असता तेच घडते. चुकल्यास कोणी हसत नाही, डाव पुन्हा मांडता येतो. दोघांचा खेळ असेल तर आपल्या पाळीची वाट पाहणेही हळूहळू अंगवळणी पडते.

कॅनडातील स्टुअर्ट डंकन हे गृहस्थ स्वतः स्वमग्न असून स्वमग्न मुलाचे पिता आहेत. 'माइनक्राफ्ट' या ठोकळे रचण्याच्या खेळात अशा मुलांची टवाळी होते, हे जाणून त्यांनी 2013 साली केवळ त्यांच्याकरिता व त्यांच्या कुटुंबीयांकरिता 'ऑटक्राफ्ट' हे निराळे अंगण उघडले. खेळ तोच राहिला, संगत बदलली.

तात्पर्य, खेळ हे औषध नव्हे आणि दाईही नव्हे. 2 ते 4 वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एका तासाहून अधिक काळ पडद्यापुढे बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे. मुंबईत 2001 पासून 'उम्मीद' बालविकास केंद्र कार्य करीत आहे. अशा ठिकाणी तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. खेळ थांबवावयाची वेळ आधी सांगावी, तो एकाएकी हिसकावू नये. मुख्य म्हणजे मुलाच्या शेजारी बसावे, आणि पडद्यावर रचलेले घर मग त्याच्यासह जमिनीवर रचावे.

त्या मातेची मी क्षमा मागितली. ते बालक अजून दर रविवारी त्याच बाकावर बसते. परंतु त्याच्या शेजारची जागा बहुधा रिकामी असते. बंधुभगिनींनो, ती जागा कोणताही खेळ भरून काढू शकणार नाही. ती आपणच भरावयाची आहे.