नागपूरचे ठराव

आज पदवी घेऊन निघालेल्या मुलींनो, मुलांनो,

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये उभं राहून देशाच्या स्थापनेवर बोलायचं, यात थोडी गंमत आहे. या सेक्टरांत गल्लीगल्लीत कुणी ना कुणी काहीतरी स्थापन करत असतं. कंपनी नावारूपाला आली की वाद ठरलेला: संस्थापक कोण? कागदावर नाव आहे तेवढेच, की कागद होण्याआधी ज्यांनी काम उपसलं तेही? आपल्या प्रजासत्ताकाबद्दल हा वाद आपण पुरेसा घातलेला नाही. आज मी तो घालणार आहे.

घटना समितीत पंधरा स्त्रिया होत्या, हे तुम्हाला ठाऊक असेल. सरोजिनी नायडू, राजकुमारी अमृत कौर, हंसा मेहता, दाक्षायणी वेलायुधन. मराठी मात्र एकही नव्हती. समितीतल्या विजयालक्ष्मी पंडित मराठी झाल्या त्या फक्त लग्नाने. समितीतल्याच दुर्गाबाई देशमुख मूळच्या राजमहेंद्रीच्या, लहानपणीच लग्न लावून दिलेल्या आणि पुढे ते नाकारून वकील झालेल्या. चिंतामणराव देशमुखांशी त्यांचं लग्न झालं 1953 साली, म्हणजे घटना लागू झाल्यावर तीन वर्षांनी. तेव्हा त्यांचंही श्रेय आपल्याला घेता येत नाही. समितीपुढे राज्यसभेसाठी किमान वय 35 ठेवावं असा प्रस्ताव होता. ते 30 वर आणण्याची दुरुस्ती दुर्गाबाईंची. अलीकडची पिढी आधीपेक्षा लवकर शहाणी होते, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं होतं. (तुमचे पालक कदाचित सहमत होणार नाहीत.)

मग त्या वेळी मराठी बायका होत्या कुठे? त्यांतल्या हजारो जणी 20 जुलै 1942 रोजी नागपुरात होत्या. दलित महिलांची अखिल भारतीय परिषद त्या दिवशी भरली, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. डॉ. आंबेडकर परिषदेत बोलले आणि ते भाषण आपण जयंतीला आवर्जून आठवतो. बायकांनी केलेले ठराव मात्र आठवत नाही. माझ्या मते त्या दिवसाचं खरं काम ते ठराव होते. बाईला घटस्फोटाचा हक्क हवा. एकापेक्षा अधिक बायका करण्याला कायद्याने बंदी हवी. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या बायकांना रजा, दुखापतीची भरपाई आणि पेन्शन हवी. गिरणीत बायकांवर देखरेखीला बाईच हवी. मुलींसाठी वसतिगृहं हवीत. आणि कायदेमंडळांत व स्थानिक संस्थांत आपल्यासाठी राखीव जागा हव्यात.

वर्ष पुन्हा बघा: 1942. घटना समितीची पहिली बैठक भरायला अजून चार वर्षं होती.

आता दुसरी बाजू. डिसेंबर 1946 मध्ये हंसा मेहता घटना समितीत बोलायला उभ्या राहिल्या. आपल्या महिला संघटनेने राखीव जागा, कोटा किंवा स्वतंत्र मतदारसंघ कधीच मागितले नाहीत, आम्हाला सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय हवा आहे, असं त्यांनी सांगितलं. विधान अक्षरशः खरं होतं. त्यांची संघटना म्हणजे अखिल भारतीय महिला परिषद, आणि तिने तशी मागणी केली नव्हतीच. पण याच परिषदेचं अधिवेशन डिसेंबर 1937 मध्ये नागपुरात झालं, तेव्हा जाईबाई चौधरी आणि इतर दलित स्त्रियांना जेवायला वेगळं बसवण्यात आलं होतं. या जाईबाई म्हणजे नागपुरात हमाली करत शिकलेल्या आणि पुढे चोखामेळा कन्या शाळा काढणाऱ्या बाई. अपमान गिळून त्या गप्प बसल्या नाहीत, दलित स्त्रियांनी निषेधाची सभा घेतली. पाच वर्षांनी त्याच शहरात त्यांनी स्वतःची परिषद भरवली, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

हंसाबाईंना खलनायिका करायची मला हौस नाही. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत त्या आणि अमृत कौर पुरुषांच्या बरोबरीने भांडल्या. 1946 साली स्वतंत्र मतदारसंघ म्हटलं की डोळ्यांपुढे फाळणी येत असे, त्यामुळे राखीव जागांची धास्तीही समजण्यासारखी होती. पण 'स्त्रियांनी मागितलं नाही' असा जो निष्कर्ष पुढे पन्नास वर्षं वापरला गेला, तो चुकीचा होता. मागितलं होतं. मागणारीला पंगतीत जागा नव्हती आणि सभागृहातही नव्हती.

त्या ठरावांचं पुढे काय झालं? काही वाटा आडवळणाच्या आहेत. आंबेडकर 1942 मध्येच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि पुढच्या वर्षी खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचा कायदा सुधारण्याचं विधेयक त्यांनी मांडलं. मुंबई प्रांताने 1946 मध्ये द्विभार्याबंदी आणि 1947 मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. देशपातळीवर हिंदू कोड बिल अडलं, 1951 मध्ये आंबेडकरांनी राजीनामा दिला, आणि 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने या दोन्ही गोष्टी देशभर आणल्या. तेरा वर्षं लागली.

राखीव जागांना त्याहून कितीतरी अधिक. इथे मात्र कर्नाटकाला सलाम करावा लागेल. 1983 च्या कायद्याने या राज्याने जिल्हा परिषदा आणि मंडल पंचायतींत बायकांसाठी 25 टक्के जागा राखल्या आणि 1987 मध्ये त्या निवडणुका झाल्या. दिल्लीची 73 वी घटनादुरुस्ती आली 1992 मध्ये. लोकसभेसाठी आणि विधानसभांसाठी एक तृतीयांश जागांची दुरुस्ती मंजूर झाली ती थेट 2023 मध्ये, आणि तिच्यात अनुसूचित जातींच्या राखीव जागांतही त्या जातींच्या स्त्रियांचा वाटा लिहिलेला आहे. नागपूरच्या बायकांनी जवळजवळ हेच मागितलं होतं, एक्याऐंशी वर्षं आधी. अंमलाला अट मात्र जोडली: आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना.

तुमच्या दाराशी बोलायचं तर बेंगळुरू महापालिकेच्या 2015 च्या निवडणुकीत 198 वॉर्डांतल्या निम्म्या जागा स्त्रियांच्या होत्या. त्या सभागृहाची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षं निवडणूकच झाली नाही. तुम्ही पीजीत राहिलात, अगरा तलावाकाठी धावलात, पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यांवरून गेलात, आणि गाऱ्हाणं ऐकायला निवडून आलेली नगरसेविकाच नव्हती. अर्ध्या जागा राखून सभागृहच रिकामं ठेवता येतं, ही युक्ती 1942 साली कुणाला सुचली नव्हती.

तुमच्यातल्या बहुतेकांची नावं अजून सोलापूर, बेळगाव किंवा नांदेडच्या मतदार यादीत असतील. पुढची दोन-चार वर्षं इथेच काढणार असाल तर नाव इकडे आणून घ्या. पत्ता बदलण्यासाठी फॉर्म 8 लागतो, तो घरबसल्या भरता येतो.