नाताळचे दिवस आणि आपलें घर

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांतील भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं वक्त्यानें ख्रिस्तमंदिराविषयीं बोलावें अशी रीत आहे. पाया कधीं घातला, घंटा कोठून आली, कोणत्या धर्मगुरूंच्या काळांत छप्पर बदललें, हें सर्व इतरांनीं सांगितलेंच आहे, आणि आमच्याहून चांगलें सांगितलें आहे. आम्ही घराविषयीं बोलणार आहों. त्यांतही नाताळच्या त्या थोड्या दिवसांत आपल्या घरीं काय घडतें आणि काय घडावयाचें राहून जातें, एवढ्याचविषयीं.

आपल्या या भागांत ख्रिस्तमंदिरें मागाहून उभीं राहिलीं. प्रार्थना आधीं घरांत होत होती. नागपूरचा धर्मप्रांत ११ जुलै १८८७ रोजीं स्थापन झाला आणि त्याच वर्षीं बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली. धर्मप्रांताचा मुलूख अफाट, संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे धर्मगुरू मोजके, आणि वैनगंगेच्या दोन्ही तीरांचे रस्ते रानांतले. नाताळच्या रात्रीं धर्मगुरू फार तर एका दोन ठिकाणीं पोंचावयाचे. मग उरलेल्यांनीं काय करावें? बापानें दिवा लावावा, आईनें जपमाळ सांगावी, मुलांनीं पेंगत पेंगत उत्तर द्यावें. ज्यांना मिस्सा लाभत नसे त्यांचा नाताळ हाच. पुढें १९५३ सालीं नागपूर महाधर्मप्रांत झाला. १ मे १९९९ रोजीं आपल्या जिल्ह्यांतून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. रस्ते झाले, मोटारी आल्या, मिस्सा जवळ आली. ही कृपाच होय. परंतु मिस्सा जवळ आली आणि घरांतील दिवा मात्र मागें पडला, असें कांहीं कुटुंबांत झालें आहे. तेंच आज बोलावयाचें आहे.

चित्रांतला नाताळ बर्फाचा असतो. आपला नाताळ धानाचा आहे. आगमनकाळ लागतो तेव्हां बांध्यांतल्या कडपा उचलून पुंजणे रचलेले असतात, कोठें मळणी चालू असते, आणि धान निघून गेलेल्या ओलींत लाखोळीचीं पानें दिसूं लागलेलीं असतात. रात्रीं पारा दहा अंशांच्या खालीं उतरतो आणि अंगणांत शेकोटी पेटते. वर्षाचें अन्न घरांत येण्याचे हे दिवस. नव्या चिन्नोरचा भात शिजला कीं शेजारच्या घरालाही कळतें. पैसाही याच दिवसांत हातीं यावयाचा. निदान यावयास हवा. हमीभावानें धान घातलें तरी चुकारे सणापूर्वीं मिळतीलच असा भरंवसा नसतो, आणि कापडाचा दुकानदार तर उधारीवर देण्यास आनंदानें तयार असतो. नाताळचे कपडे, रोषणाई, केक आणि पाहुणे यांचा हिशेब मग होळीपर्यंत फिटत नाहीं. बाळ येशूची गव्हाणही उसनी होती असें कोणी म्हणेल. खरें आहे, परंतु ती उधारीची नव्हती. आमचें सांगणें एवढेंच कीं, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीं नवराबायकोनें एका कागदावर खर्च लिहून काढावा. दोघांनीं मिळून लिहावा. एकट्यानें लिहिलेला हिशेब दुसऱ्यास नेहमींच कंजूषपणाचा वाटतो.

आतां स्वयंपाकघराकडे वळूं, कारण नाताळचा खरा भार तेथें आहे. अनारशाचेंच उदाहरण घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवावयाचे, रोज पाणी बदलावयाचें, मग ते पंचावर सुकवून ओलसर असतांनाच कुटावयाचे, पीठ चाळावयाचें, गूळ मिसळून गोळे कांहीं दिवस मुरवावयाचे. नंतर खसखशीवर थापून मंद आंचेवर एकाच बाजूनें तळावयाचे. आंच जरा चुकली कीं अनारसा तुपांत विरघळून जातो. करंज्या, शेव, चिवडा, लाडू हे वेगळेच. वसईहून किंवा गोव्याहून नोकरीनिमित्त इकडे स्थायिक झालेल्या कुटुंबांनीं कुलकुल आणि दोदोल आणले. कुलकुल आम्हांस विशेष आवडतात, आणि ते केवळ चवीसाठीं नव्हे. पिठाची एकेक गोळी कांट्याच्या किंवा फणीच्या दांतांवर दाबून वळावी लागते. शेंकडों वळावयाच्या असल्यानें सारें घर परातीभोवतीं बसल्यावांचून काम सरत नाहीं. बापही बसतो. अनारशाच्या वेळीं मात्र बाप कोठें असतो, हें विचारावयास नको.

पूर्वीं चर्चच्या सामान्य नियमाप्रमाणें २४ डिसेंबर हा उपवासाचा आणि मांस वर्ज्य करण्याचा दिवस होता. १९६६ सालीं पोप सहावे पॉल यांनीं उपवासाचे नियम नव्यानें लावले तेव्हां तें बंधन गेलें. त्या कडक नियमाचा एक गुण मात्र होता. २४ तारखेला चूल थंडच ठेवावयाची म्हणून फराळ २३ तारखेपर्यंत उरकावा लागे, आणि संध्याकाळीं घरची बाई मोकळी होई. आज काय होतें? रात्रीच्या मिस्सेला निघण्यापूर्वीं अर्धा तास मटणाला फोडणी पडत असते. घरांतले सगळे नवे कपडे घालून दारांत उभे राहतात आणि आंतून येणारी आई सर्वांत शेवटीं, हात पुसत, केंस सांवरीत बाहेर पडते. उपदेशाच्या वेळीं तिला झोंप लागते, आणि सासूबाई कोपरानें ढोसतात. प्रभूच्या जन्माचा संदेश प्रथम रात्रपाळी करणाऱ्या मेंढपाळांना मिळाला. आपल्या घरांतील रात्रपाळी करणारीला तो ऐकूंही जात नाहीं. यावर उपाय कठीण नाहीं. २४ तारखेला दुपारीं चार वाजतां चूल बंद. राहिलेलें दुसऱ्या दिवशीं सकाळीं, आणि तेंही पुरुषांनीं कांदा चिरावयास बसून. कोणी हंसेल तर हंसूं द्यावें.

गव्हाणीचें काम मुलांचें. संत फ्रान्सिस असिसीकर यांनीं १२२३ सालीं ग्रेच्यो गांवीं गवत, बैल आणि गाढव आणून पहिला गोठा उभा केला. आणि त्याच गांवीं १ डिसेंबर २०१९ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं एका पत्रावर सही केली, ज्यांत घरोघरीं गव्हाण मांडण्याची चाल टिकवावी असें त्यांनीं कळकळीनें सांगितलें. आपल्या मुलांना साहित्य शोधावयास लांब जावें लागत नाहीं. तणस अंगणांतच आहे, बोडीच्या कांठची माती आहे, बांबू आहे. असें असतां बाजारांतून प्लास्टिकचा तयार गोठा आणून कपाटावर ठेवावयाचा, ही गोष्ट आमच्या मनाला पटत नाहीं. चांदणी खुशाल विकत आणावी. दिवाळीचा आकाशकंदील असेल तर तोही चालेल. परंतु गोठा मुलांच्या हातचाच असावा, मग त्यांतला बैल उंदरासारखा दिसला तरी हरकत नाहीं.

त्या गोठ्यापुढें आगमनकाळांत रोज संध्याकाळीं पंधरा मिनिटें सर्वांनीं बसावें. संत लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय थोडा थोडा वाचावा. ज्या घरीं वाचणारा चांगला असेल तेथें फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण काढावें. हे इंग्रज जेज्विट धर्मगुरू १५७९ सालीं गोव्यास आले, येथील भाषा शिकले, आणि १६१६ सालीं राचोल येथें त्यांचें पुराण छापलें गेलें. म्हणजे प्रभुजन्माची कथा मराठी ओवींत येऊन चारशें वर्षें उलटून गेलीं. झाडी बोली बोलणाऱ्या आपल्या घरांत त्यांतले कांहीं शब्द अडतील; पण ओवीचा ठेका आजीच्या कानाला ओळखीचा असतो, आणि पुष्कळदां अर्थ तीच नातवंडांना सांगते. वाचतांना मोबाइल दुसऱ्या खोलींत ठेवावे. याहून अधिक त्या विषयावर बोलण्याची आमची इच्छा नाहीं.

यानंतर येतो तो भाग थोडा अवघड आहे. २४ ची रात्र सर्वांच्या लक्षांत राहते. पण चर्चचा नाताळ त्या रात्रीं सुरू होतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. त्या अष्टकांतच पवित्र कुटुंबाचा सण येतो. पोप तेरावे लिओ यांनीं १८९३ सालीं या सणास मान्यता दिली, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनीं १९२१ सालीं तो सर्व चर्चला लागू केला, आणि १९६९ च्या सुधारणेपासून तो नाताळनंतरच्या रविवारीं येऊं लागला. नाताळच रविवारीं आला तर ३० डिसेंबरला. ही जागा फार शहाणपणानें निवडलेली आहे असें आम्हांस वाटतें. कारण याच आठवड्यांत पुण्याचा थोरला, नागपूरची लेक, हैदराबादचा धाकटा, सगळे एका छपराखालीं असतात. वर्षांतून एकदांच असतात. आणि याच आठवड्यांत घरें मोडतातही.

कशानें मोडतात तें आपण सर्व जाणतों. जेवणें झालीं, शेकोटीभोवतीं बसलें, आणि कोणीतरी बांध्यांच्या वाटणीचा विषय काढला. थोरला म्हणतो, पैसे मी पाठविले. धाकटा म्हणतो, चिखलांत मी उभा राहिलों. बहीण कांहीं बोलत नाहीं, पण तिच्या मनांत असतेंच. त्यांत कोणाच्या पोटांत मोहाची गेलेली असली कीं मग विचारूंच नये. सणाच्या आनंदाचें निमित्त करून ती बाटली घरांत येते, आणि तिची किंमत बायकामुलें भरतात. आम्ही या बाबतींत गोड बोलणार नाहीं. नाताळच्या दिवशीं बाप शुद्धीवर नव्हता ही आठवण मूल म्हातारपणापर्यंत विसरत नाहीं. नवे कपडे तें पुढच्या वर्षींच विसरतें.

वाटणीचा विषय काढूंच नये असें आम्ही म्हणत नाहीं. भाऊ एकत्र आल्याशिवाय तो सुटणार कसा? परंतु त्यासाठीं दिवस ठरवावा. पवित्र कुटुंबाचा रविवार उत्तम. सकाळीं सर्वांनीं मिळून मिस्सेला जावें, घरीं येऊन एका पंक्तीस जेवावें, आणि दुपारीं, उजेडांत, सातबारा पुढें ठेवून, एखाद्या वडीलधाऱ्या माणसास बोलावून बसावें. बहिणीला चहा करावयास आंत पाठवूं नये. तिलाही बसवावें, कारण कायद्यानें तिचा हक्क आहे आणि न्यायानें तर आहेच. त्या दिवशीं मिटलें नाहीं तर पुढचा दिवस ठरवून उठावें. अबोला धरून गाडीला बसूं नये.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं २०१६ सालच्या कुटुंबविषयक पत्रांत तीन शब्दांवर भर दिला होता: परवानगी, आभार आणि क्षमा. आपल्या घरांत नवरा बायकोला ‘आभारी आहें’ असें म्हणूं लागला तर ती घाबरून त्याच्या कपाळाला हात लावून पाहील. आपली रीत तशी नाहीं. परंतु ‘तूं बस, ताटें मी उचलतों’ हें त्याच शब्दाचें मराठी आहे, आणि सुनेच्या हातचा अनारसा खाऊन ‘यंदा जाळी छान पडली’ असें सासऱ्यांनीं चार माणसांत म्हणणें हेंही तेंच. क्षमेचें मराठी थोडें अवघड आहे. बहुधा तें शब्दांनीं होत नाहीं. आधीं ज्यानें बोलणें टाकलें त्यानें दुसऱ्याच्या घरीं फराळाचें ताट स्वतः घेऊन जावें लागतें.

ताटांवरून शेजाऱ्यांची आठवण झाली. दिवाळींत ज्या शेजारणीनें आपल्याकडे चकल्या-करंज्या धाडल्या, तिच्याकडे नाताळचें ताट जातें, आणि तें रिकामें परत येत नाहीं. लगेच मागून संक्रांतीचा तिळगूळ येतो. ही देवघेव सहज चालत आली आहे, ती तशीच चालावी. यंदा मात्र ताट पाठवितांना आणखी कांहीं दारें मोजावीं. ज्यांच्या घरीं याच वर्षीं मृत्यु झाला. ज्या वृद्ध जोडप्याचा मुलगा रजा न मिळाल्यानें येणार नाहीं. जवाहरनगरच्या आयुध निर्माणींत, गोंदियाच्या रेल्वेंत, चिखला-डोंगरीच्या खाणींत किंवा रुग्णालयांत ज्यांची रात्रपाळी २४ तारखेलाच आली आहे. अशांना २५ तारखेच्या जेवणास बोलवावें, आणि बोलावणें चार दिवस आधीं जावें. ऐन वेळचें बोलावणें एकट्या माणसाला भिक्षेसारखें लागतें. तरुण मंडळींना एक विनंति: झाडीपट्टीचीं नाटकें हिवाळाभर गांवोगांव चालूंच असतात, तीं जरूर पाहावीं, पण त्या एका दुपारीं आजोबांजवळ बसावें, आणि आपलें घराणें या धर्मग्रामांत कसें आलें तें त्यांच्या तोंडून ऐकून वहींत लिहून घ्यावें. पुढच्या महोत्सवाच्या पुस्तिकेला तो मजकूर लागणार आहे, आणि तोपर्यंत सांगणारे राहणार नाहींत.

मग पाहुणे परतूं लागतात. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर त्या दिवसांत पिशव्याच पिशव्या दिसतात: नवा तांदूळ, लाखोळीची डाळ, उरलेल्या अनारशांचा डबा. घरीं मागें दोन म्हातारीं माणसें आणि मुलांनीं बांधलेला गोठा राहतो. प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत तो हलवूं नये, आणि त्यापुढील संध्याकाळची प्रार्थनाही, माणसें दोनच उरलीं तरी, त्या दिवसापर्यंत खंडूं नये. मुलांनीं आठ वाजतां, जेथें असतील तेथून, फोन लावून त्या प्रार्थनेंत उत्तर द्यावें. फोनचा याहून चांगला उपयोग आम्हांस ठाऊक नाहीं. सण झाला कीं गोठ्यांतले तणस गाईपुढें घालावें, मूर्ति कापडांत गुंडाळून पेटींत ठेवाव्या, आणि बाळ येशूची मूर्ति कोणत्या कपड्यांत आहे तें घरांतील लहानग्यास दाखवून ठेवावें, म्हणजे पुढच्या डिसेंबरांत ती शोधावी लागणार नाहीं.