भक्ष्यावरील वाघ आणि कॅमेरा

(वन्यजीव छायाचित्रणाच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणातील काही भाग)



रानातील हिंस्र प्राणी शिकार करताना अथवा भक्ष्य खाताना छायाचित्रात सापडावा, ही प्रत्येक वन्यजीव छायाचित्रकाराची मनीषा असते. ती स्वाभाविकही आहे. पाणवठ्यात पहुडलेला वाघ पाहून मन प्रसन्न होते; परंतु चितळांच्या कळपाकडे पोट जमिनीला टेकवून सरकणारा वाघ पाहिला, म्हणजे निसर्गाने हे शरीर कशासाठी घडविले ते उमजते. मात्र त्या वेळी भिंगासमोर असलेला प्राणी भुकेला असतो आणि त्याच्या पोटाचा प्रश्न अवघ्या काही क्षणांत सुटावयाचा असतो, याचे भान छायाचित्रकाराला नेहमीच राहते असे म्हणता येणार नाही.

मध्य प्रदेशातील कान्हा येथे १९६३ ते १९६५ या काळात जॉर्ज शॅलर या शास्त्रज्ञाने वाघाचा सखोल अभ्यास केला. वाघाच्या वीस प्रयत्नांपैकी एखादाच यशस्वी होत असावा, असा त्यांचा अंदाज होता. वाघाला दूरवर पाठलाग करणे जमत नाही. गवताचा व झुडपांचा आडोसा धरून तो सावजाच्या अगदी जवळ पोहोचतो आणि मग थोडक्या अंतरात सारे बळ एकवटतो. अशा वेळी मोटारीचे इंजिन सुरू झाले, कोणी उत्साहाने उभे राहिले, की चितळ कान टवकारते आणि तासाभराचे कष्ट वाया जातात. वाघिणीसोबत बछडे असतील, तर ती भूक तिच्या एकटीची नसते.

ही अडचण जुन्या लोकांना ठाऊक होती. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी बंदूक बाजूला ठेवून कॅमेरा हाती घेतला. रानवाटेवर तार ताणून ठेवायची. तिला वाघाचा पाय लागला की प्रकाशाचा झोत पडून छायाचित्र निघायचे. त्यांचे याविषयीचे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्टे निराळे असतात व त्यांवरून वाघ ओळखता येतो, हेही त्यांनी हेरले होते. चॅम्पियन यांची छायाचित्रे पाहून जिम कॉर्बेट यांनी या कामात मन घातले. चलच्चित्र कॅमेऱ्याच्या घरघरीने वाघ बिचकतात असे दिसून येताच त्यांनी ओढ्याचे पाणी अडवून लहानलहान धबधबे तयार केले आणि त्या आवाजात यंत्राचा आवाज लपविला. रानाचा आवाज न बिघडवता काम करण्याची ही युक्ती आजही विचार करण्याजोगी आहे.

दुसरी रीत होती आमिषाची. रेडकू खुंटाला बांधावयाचे आणि मचाणावर बसून राहावयाचे. शिकाऱ्यांकडून ती छायाचित्रकारांकडे आली आणि पुढे पर्यटकांना वाघ दाखविण्यासाठीही काही राष्ट्रीय उद्यानांत वापरली गेली. छायाचित्रे मिळत, यात संशय नाही; पण त्यांत शिकार नसे. दोरीला बांधलेल्या जनावरावर तुटून पडणारा वाघ आपले कसब दाखवीत नाही, आणि माणसाच्या वासासोबत अन्न मिळते हा धडा मात्र तो शिकतो. आता वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येत वन्य प्राण्यास आमिष दाखविण्याचाही समावेश आहे. तरीही आमिषाची सवय निराळ्या रूपांत डोकावते. खंड्या पक्ष्याने सूर मारावा म्हणून टाकीत सोडलेले मासे, बिबळ्याने बाहेर यावे म्हणून बांधलेली कोंबडी, ही त्याचीच भावंडे होत. गेटवे ते मांडवा या जलप्रवासात कुरव पक्ष्यांना तळलेले खाऊ घालून छायाचित्रे काढणाऱ्या हौशी मंडळींनाही यातून सर्वस्वी वगळता येणार नाही.

आज मात्र आमिषापेक्षा गर्दीचे संकट मोठे आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी एक वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या वाहनांच्या मध्ये अडकले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. अशा कोंडीची किंमत आफ्रिकेत मोजली गेली आहे. केनियातील मसाई मारा परिसरातील चित्त्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात एका मादीमागे सरासरी २.३ पिल्ले वाढून स्वतंत्र झाली, तर वर्दळीच्या भागात हे प्रमाण अवघे ०.२ होते. चित्ता दिवसा शिकार करणारा. छायाचित्रकाराला सोयीचा, आणि म्हणूनच अधिक गांजलेला.

भक्ष्यावर बसलेल्या वाघाचे छायाचित्र घ्यावयाचे असेल, तर प्रथम त्याचा दिनक्रम समजून घ्यावा. सांबरासारखे मोठे जनावर मारल्यावर वाघ ते बहुधा दाट आडोशाला ओढून नेतो. खाण्यास आरंभ सामान्यतः मागच्या भागाकडून करतो. पोट भरले की जवळपास पाण्याशी अथवा सावलीत विसावतो आणि पुन्हा येतो. असे दोनतीन दिवस चालते. तो दिसत नाही म्हणून मृत जनावर त्याने सोडून दिले, असे समजणे चुकीचे आहे. अशा ठिकाणी चालत जाणे, दृश्य स्वच्छ दिसावे म्हणून फांद्या तोडणे, मृत जनावर उजेडात ओढणे या गोष्टी कदापि करू नयेत. वाहन रस्त्यावरच, वाघ आणि त्याचे भक्ष्य यांच्या मधली वाट मोकळी ठेवून, इंजिन बंद करून उभे करावे. वाघ खाणे थांबवून वाहनाकडे वारंवार पाहू लागला, तर अंतर कमी पडले असे जाणून मागे सरावे. रानकुत्र्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. त्यांचा कळप भक्ष्याचा फडशा फार झपाट्याने पाडतो. वाहन मध्ये घुसले, तर कळप फुटतो आणि मागे राहिलेली पिल्ले उपाशी राहतात.

छायाचित्राखालच्या ओळीही प्रामाणिक हव्यात. २००९ च्या एका ख्यातनाम आंतरराष्ट्रीय स्पर्धेत फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या छायाचित्राला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तो माणसाळलेला लांडगा असावा, असा निष्कर्ष परीक्षकांनी पुढे काढला आणि जानेवारी २०१० मध्ये छायाचित्र बाद ठरविले. छायाचित्रकाराने आरोप नाकारला; पारितोषिक मात्र गेले.

चॅम्पियन यांच्या ताणलेल्या तारेची जागा आता स्वयंचलित कॅमेऱ्याने घेतली आहे. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशात २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावण्यात आले आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे मिळाली. त्यांतील ७६,६५१ वाघांची होती. हौशी छायाचित्रकारानेही आपल्या कामाची या कामाशी सांगड घालावी. हुकलेल्या झेपेचे छायाचित्र बहुतेक जण निरुपयोगी म्हणून टाकून देतात. वस्तुतः वाघाच्या आयुष्याचे खरे चित्र तेच आहे, कारण हुकणेच अधिक असते. ते जपावे, त्यावर तारीख, वेळ व ठिकाण नोंदवावे, आणि त्याची एक प्रत त्या क्षेत्राच्या वन कार्यालयाकडे द्यावी.