पायथॉन शिका, पाण्याचा हिशेब स्वतः मांडा
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. संगणकाची भाषा शिकणे हे शहरातील मुलांचे काम, शेतकऱ्याला त्याचे काय, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. परंतु शेती हा पावलोपावली हिशेबाचा धंदा आहे. पाणी किती द्यावे, खत किती टाकावे, माल विकून हाती किती उरले, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आकड्यांत असते. हे आकडे स्वतःच्या हाताने मांडता यावेत, यासाठी पायथॉन ही भाषा उपयोगी पडते.

पायथॉन म्हणजे काय?

संगणकाला क्रमाने सूचना द्याव्या लागतात. या सूचनांच्या संचाला आज्ञावली म्हणतात आणि ती ज्या भाषेत लिहितात त्यांपैकी पायथॉन ही एक. नेदरलँड्समधील गिडो व्हॅन रॉसम यांनी ती तयार केली व १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केली. नावाचा अजगराशी संबंध नाही. ते एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून घेतले आहे.

ही भाषा नवशिक्याला सोपी जाते. तिचे राखीव शब्द इंग्रजी असले तरी ते सुमारे ३५ च आहेत. आपण दिलेली नावे, उदाहरणार्थ ‘पाऊस’ किंवा ‘बाष्पीभवन’, देवनागरीतही लिहिता येतात. सऱ्या जशा सरळ पाडाव्या लागतात, तशा यातील ओळी नीट रांगेत लिहाव्या लागतात. रांग चुकली की संगणक लगेच चूक दाखवतो. मुख्य म्हणजे ती पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी कोणालाही परवान्याचे पैसे देऊ नयेत.

डाळिंबाच्या बागेचे उदाहरण

ठिबकाखालील डाळिंबाची लागवड ४.५ × ३ मीटर अंतरावर आहे असे समजा. एका झाडाचे क्षेत्र १३.५ चौरस मीटर झाले. झाडाची रोजची पाण्याची गरज काढण्यासाठी दिवसाचे बाष्पीभवन, बाष्पपात्र गुणांक, पीक गुणांक, झाडाचे क्षेत्र आणि ओलिताखालील भागाचे प्रमाण, या पाचांचा गुणाकार करावा.

उन्हाळ्यात बाष्पीभवन ८ मि.मी., बाष्पपात्र गुणांक ०.७, पीक गुणांक ०.८ आणि ओलिताचा भाग ०.४ धरला, तर ८ × ०.७ × ०.८ × १३.५ × ०.४ म्हणजे सुमारे २४ लिटर पाणी लागेल. झाडाला ताशी ४ लिटरचे चार ड्रिपर असतील, तर मोटार दीड तास पुरे. थंडीत बाष्पीभवन ४ मि.मी. वर आले आणि बाकीचे आकडे तेच राहिले, तर गरज १२ लिटर, म्हणजे पाऊण तास. (पीक गुणांक झाडाच्या वयाप्रमाणे व अवस्थेप्रमाणे बदलतो, हे ध्यानात ठेवावे.)

आता जो बागायतदार बारमाही रोज दोन तास मोटार चालवतो, तो झाडाला ३२ लिटर पाणी देतो. या अंतराने एकरी सुमारे ३०० झाडे बसतात. म्हणजे उन्हाळ्यात एकरी रोज २,४०० लिटर आणि थंडीत ६,००० लिटर पाणी जादा जाते. विहिरीचे पाणी तर जातेच, शिवाय मुळाशी सतत ओल राहिल्याने मूळकूज व मर रोगाला वाव मिळतो.

कॅल्क्युलेटर पुरत नाही का?

एका दिवसाच्या एका हिशेबाला पुरतो. परंतु तीन वयांच्या बागा, रोज बदलणारे हवामान आणि वीज ठराविक तासच, असे असताना रोज कागद घेऊन कोण बसणार? पायथॉनमध्ये हे सूत्र एकदाच लिहावे. मग रोज फक्त बाष्पीभवनाचा व पावसाचा आकडा भरला की प्रत्येक बागेसाठी किती मिनिटे पाणी द्यायचे ते समोर येते. ‘पाऊस गरजेपेक्षा जास्त झाला तर मोटार बंद’ अशी अटही त्यात घालता येते.

मोबाईलवर तयार अ‍ॅप मिळतात, हे खरे. परंतु त्यात कोणते गुणांक धरले आहेत हे पुष्कळदा दिसत नाही. आपण लिहिलेल्या आज्ञावलीतील प्रत्येक आकडा आपल्याला ठाऊक असतो आणि आपल्या जमिनीप्रमाणे तो बदलता येतो.

इतर उपयोग

१. पिकाची उष्णता एकके काढणे. मक्यासाठी आधारभूत तापमान १० अंश धरतात. कमाल ३४ व किमान २० अंश असेल तर सरासरी २७, म्हणून त्या दिवसाची १७ एकके. त्यांची बेरीज ठेवल्यास पिकाच्या अवस्थांचा अंदाज येतो.
२. बाजार समित्यांच्या दरांची नोंद ठेवून हमाली, तोलाई व वाहतूक वजा जाता कोठे विकणे परवडते ते पाहणे.
३. बचत गटाचे हप्ते आणि दूध संकलनाचा हिशेब.

सुरुवात कशी करावी?

घरातील दहावी-बारावीच्या मुलाला किंवा मुलीला सोबत घ्यावे. तिला भाषा लवकर येईल, आपल्याला शेती येते. दोघांनी मिळून बसावे. साधा संगणक पुरतो, मोबाईलवरही सराव करता येतो. प्रथम बेरीज-गुणाकार, मग अटी, मग याद्या व नोंदी, असा क्रम ठेवावा. रोज अर्धा तास दिल्यास काही आठवड्यांत वरील सूत्र लिहिता येईल. लगेच नोकरीची हमी देऊन भरमसाट फी मागणाऱ्या वर्गांपासून मात्र सावध राहावे.

शेवटी एक सूचना. पेराल तसे उगवते. चुकीचा आकडा भरला तर संगणक चुकीचेच उत्तर देईल, तेही मोठ्या विश्वासाने. म्हणून बाष्पीभवन जवळच्या हवामान केंद्राकडून आणि पीक गुणांक कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतून घ्यावा. ड्रिपरचे पाणी वर्षातून एकदा तरी भांड्यात मोजून पाहावे. उत्तर आले तरी झाडाकडे आणि मातीच्या ओलाव्याकडे पाहूनच मोटारीचे बटण दाबावे.