घागरभर पाणी आणि तासभर दिवा



सायंकाळ झाली म्हणजे मुंबईतील एखाद्या चाळींत एखादी मुलगी भिंतीवरील बटन दाबते आणि खोलींत लख्ख उजेड पडतो. बटन दाबण्यास तिला जे श्रम पडतात ते चिमूटभर मीठ उचलण्याइतकेच. मग एवढा उजेड आला कोठून? "तारेंतून आला," असें ती सांगेल, व तें खरेंहि आहे. पण तारेंत तो कोणी घातला? याप्रमाणें एकेक पाऊल मागें जात गेलें तर वाट मुंबईहून सह्याद्रीवर, सह्याद्रीहून समुद्रावर आणि तेथून थेट सूर्यापर्यंत जाऊन पोंचते. मुंबईच्या विजेचा मोठा भाग कोळशापासून होतो हें खरें. परंतु कांहीं भाग सह्याद्रीवरील पाण्यापासून होतो, आणि मुलांना डोळ्यांपुढें आणण्यास ही पाण्याची वाट अधिक सोपी.

या वाटेनें जें चालत येतें त्याचें नांव ऊर्जा. काम करण्याचें जें सामर्थ्य अंगीं असतें तिला ऊर्जा म्हणावयाचें. जुन्या पुस्तकांत तिलाच 'शक्ति' म्हणत. पण आतांच्या शास्त्रांत काम किती झपाट्यानें होतें त्याला शक्ति म्हणतात, तेव्हां त्या शब्दाला येथें हात न लावलेला बरा.

आधीं समुद्राकडे पाहावें. ओलें धोतर उन्हांत वाळत घातलें तर घटकेंत कोरडें होतें. त्यांतील पाणी वाफ होऊन हवेंत जातें. अरबी समुद्रावर हेंच काम केवढ्या तरी मोठ्या प्रमाणावर चाललेलें असतें. उन्हाची ऊर्जा पाण्यांत शिरते आणि पाणी वाफ होऊन वर चढतें. ज्येष्ठांत नैर्ऋत्येचे वारे ही वाफ घेऊन येतात. (ते वारेहि उन्हामुळेंच वाहतात, म्हणजे ओझें सूर्याचें आणि हमालहि सूर्याचाच!) सह्याद्रीची भिंत आडवी आली कीं हवेला वर चढावें लागतें. वर ती थंड होते, वाफेचे ढग बनतात आणि पाऊस कोसळूं लागतो. वाफ होतांना पाण्यानें जी उष्णता घेतली होती ती वाफेचें पुन्हां पाणी होतांना ढगांत परत दिली जाते. येथें कांहींच फुकट जात नाहीं व कांहींच फुकट मिळत नाहीं.

पुणें जिल्ह्यांत मुळशी येथें या पावसाचें पाणी धरण बांधून अडविलें आहे. डोंगराच्या पश्चिमेस खालीं कोंकणांत, रायगड जिल्ह्यांत, भिरा नांवाचें गांव आहे. वरचें तळें आणि खालचें भिरा यांच्या उंचींत सुमारें ५०० मीटरांचें अंतर आहे. दहा लिटरांची एक घागर डोक्यावर घेऊन हा घाट चढावयाचा म्हटलें तर धट्टाकट्टा गडी दमून बसेल. अशा अगणित घागरी सूर्यानें दरसाल वर नेऊन ठेवल्या आहेत. उंचावर असणें हीच एक ऊर्जा आहे. फळीवर ठेवलेला वरवंटा कसा निवांत दिसतो! पण तो पायावर पडला म्हणजे त्याच्या अंगांत काय दडलें होतें तें कळतें. या दडलेल्या ऊर्जेला स्थितिज ऊर्जा म्हणतात, आणि वरवंटा पडूं लागला कीं तिचीच गतिज ऊर्जा होते.

मुळशीचें तळें आयतें मिळालेलें नाहीं. त्या खोऱ्यांत भाताचीं शेतें होतीं. भाताचें रोपहि एक लहानसें यंत्रच आहे. तें ऊन खातें आणि त्याचा दाणा करतें, दाण्यांतील ऊर्जा शेतकऱ्याच्या दंडांत उतरते, त्याच दंडानें तो पुढच्या वर्षीं नांगर धरतो. टाटांच्या कंपनीनें येथें धरण योजिलें तेव्हां हीं शेतें व गांवें पाण्याखालीं जाणार होतीं. म्हणून १९२१ सालीं मावळांतील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह मांडला. पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी. याच लढ्यामुळें लोक त्यांना 'सेनापति' म्हणूं लागले. त्यांना तुरुंगवास झाला. १९२४ पर्यंत लढा चालला, पण धरण झालें, आणि १९२७ सालीं भिऱ्याचें वीजघर सुरू झालें. त्या खोऱ्यावर पडणारें ऊन व पाऊस पूर्वीं तेथल्याच माणसांच्या ताटांत भात होऊन येत असे. तो आतां वीज होऊन मुंबईच्या गिरण्यांकडे गेला. ऊर्जेचें रूप पालटलें, तसा तिचा धनीहि पालटला. शास्त्राच्या हिशेबांत ही दुसरी गोष्ट मांडलेली नसते. ऐकणाऱ्यानें ती ध्यानांत ठेवावी.

आतां हें ५०० मीटरांवरचें पाणी नुसतेंच खालीं पडूं दिलें तर काय होईल? आपटून, घासून, फेसाळून तें तळाशीं येईल. मग त्याची ऊर्जा गेली कोठें? या प्रश्नाचें उत्तर इंग्लंडांत मँचेस्टरजवळ राहणाऱ्या जेम्स ज्यूल यानें काढलें. हा एका बीअर करणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. जन्म १८१८ सालचा. त्यानें पाण्याच्या भांड्यांत ताकाच्या रवीसारखीं पातीं बसविलीं आणि दोरीला बांधलेलीं वजनें खालीं सोडून तीं फिरविलीं. वजनें पुन्हां पुन्हां वर न्यावयाचीं, पुन्हां पुन्हां सोडावयाचीं, आणि पाणी किती तापलें तें बारकाईनें पाहावयाचें, असा हा चिकाटीचा उद्योग त्यानें वर्षानुवर्षें केला. पाणी खरोखरच तापलें! आजच्या मापानें सांगावयाचें तर पाणी सुमारें ४२७ मीटर खालीं पडलें आणि त्याची सारी ऊर्जा त्याच्याच अंगीं राहिली, तर तें एक अंश सेंटिग्रेडनें गरम होतें. म्हणजे मुळशीचें पाणी मोकळें खालीं पडलें असतें तर एका अंशाहून थोडें अधिक तापलें असतें. बोट बुडवून तें कळलेंहि नसतें.

हीच ऊर्जा भिऱ्यास पकडली जाते. पाणी जाड पोलादी नळांतून खालीं येतें आणि अरुंद तोंडांतून सुसाट सुटून एका चाकावर आदळतें. त्या चाकाच्या कडेस जोडवाट्यांसारख्या वाट्या असतात. पाणी वाट्यांत शिरून उलटें वळतें व आपला जवळजवळ सगळा वेग चाकाला देऊन मुकाट्यानें खालीं गळतें. चाकाबरोबर मोठा लोहचुंबक फिरतो, त्याच्या भोंवतीं तांब्याच्या तारांचीं वेटोळीं असतात. चुंबक फिरला कीं तारेंत वीज वाहूं लागते, हें मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं दाखविलें. येथें एक मौज आहे. ज्यांच्या घरीं डायनामोवर दिवा लागणारी सायकल असेल त्यांनीं अनुभव घ्यावा: दिवा लावला कीं सायकल जड चालते. मुंबईंतील मुलीनें बटन दाबलें म्हणजे दूर कोठल्या तरी वीजघरांतील चाकहि असेंच अगदीं किंचित् जड होतें, आणि तें मंद होऊं नये म्हणून थोडें अधिक पाणी किंवा थोडा अधिक कोळसा द्यावा लागतो.

आतां घागरीचा हिशेब पाहावा. दहा लिटर पाणी ५०० मीटर खालीं आलें, आणि चाकांत, तारांत मिळून पांचवा हिस्सा ऊर्जा उष्णता होऊन गळाली असें धरलें, तर उरलेल्या ऊर्जेवर दहा वॅटचा दिवा एक तासाहून थोडा अधिक जळतो. एका घागरीवर एवढा अभ्यास होतो! जुन्या तारेच्या दिव्यांत ही ऊर्जा बहुतेक तापण्यांतच जाई. नवे दिवे पुष्कळ काटकसरी आहेत.

आणि उजेडाचें पुढें काय होतें? तो पुस्तकावर पडतो, भिंतीवर पडतो, मुलीच्या डोळ्यांत शिरतो आणि जेथें मुरतो तेथें थोडीशी ऊब होऊन राहतो. ती ऊब भिंतीबाहेर जाते, रात्रीच्या हवेंत मिसळते आणि शेवटीं आकाशांत दूर निघून जाते. ती नाहींशी झालेली नसते, पण इतकी पांगलेली असते कीं तिच्यावर पुन्हां दिवा लावतां येत नाहीं. भिऱ्यास विजेची मागणी कमी असेल तेव्हां पंपांनीं पाणी परत वरच्या तळ्यांत चढविण्याचीहि सोय आहे. परंतु चढविण्यास जितकी वीज लागते तितकी तेंच पाणी उतरतांना देत नाहीं. प्रत्येक फेरींत कांहीं भाग ऊब होऊन निसटतो. पंपवाले तरीहि हा तोट्याचा व्यवहार करतात, कारण नको तेव्हांची वीज हवी तेव्हां मिळणें त्यांना मोलाचें वाटतें.

चाकावरून गळालेलें पाणी पुढें कुंडलिका नदींत जातें. धरण नसतें तर हेंच पाणी मुळेंतून भीमेस, भीमेंतून कृष्णेस मिळून थेट बंगालच्या उपसागरास गेलें असतें. आतां तें पश्चिमेस वळतें. कोलाडजवळ त्याच्या लोंढ्यावर रबरी होड्या घेऊन हौशी लोक भर उन्हाळ्यांतहि नौकाविहार करतात. तेवढी त्याच्या अंगची उरलीसुरली उतरण. पुढें रेवदंड्याजवळ तें अरबी समुद्रास मिळतें, आणि तेथें ऊन असतेंच.