मखर पुठ्ठ्याचं करू या
(मुलुंड येथे बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



गणपती जवळ आले की एक प्रश्न हमखास येतो. "गटातून कर्ज काढून थर्माकोलच्या शीट भरून ठेवू का?" माझं उत्तर, नको. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, त्यात सजावटीचा थर्माकोलही आला. गणपतीपुरती सवलत मिळावी म्हणून व्यावसायिक मुंबई उच्च न्यायालयात गेले होते, ती मिळाली नाही. १ जुलै २०२२ पासून तर केंद्राची बंदी देशभर लागू आहे.

"पण बाजारात मिळतो ना!" मिळतो. पकडला तर माल जप्त, शिवाय राज्याच्या नियमात पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिने कैद. हे पैसे दुकानदार देणार नाही, आपल्या गटाच्या बचतीतून जाणार.

कोणी म्हणेल, हा थर्माकोल नाही, फोम बोर्ड आहे. तुकडा कापून कड बघा. दोन कागदांच्या मध्ये बहुतेक वेळा तोच पांढरा फेस असतो. सनबोर्डसुद्धा प्लास्टिकच.

आता कामाचं बोलू. तुम्ही इतकी वर्षं गरम तारेने कमानी कापल्यात, काचपेपर मारून कडा गुळगुळीत केल्यात. ती नजर पुठ्ठ्यालाही लागतेच. पण थर्माकोल कुठूनही सारखा कापला जातो. पुठ्ठ्याला उभं-आडवं असतं, आपल्या कापडासारखं. खोक्याच्या पुठ्ठ्यात दोन कागदांमध्ये लाटा असतात. त्या लाटांच्या रेषा खांबात वरून खाली ठेवा. मग खांब वजन पेलतो आणि गोल गुंडाळताही येतो. रेषा आडव्या आल्या तर वळवताना पुठ्ठा मोडतो. कमानीच्या पट्टीत मात्र रेषा पट्टीच्या रुंदीत हव्यात, म्हणजे वळण सुबक येतं.

तार इथे चालत नाही. धारदार कटर घ्या, स्टीलची पट्टी लावा आणि एका दमात दाबण्यापेक्षा तीन वेळा हलक्या हाताने फिरवा. पातं बोथट झालं की कड फाटते, तेव्हा पात्यात काटकसर नको.

थर्माकोलवर आपण आत कोरायचो. पुठ्ठ्यावर उलट, थर वर चढवायचे. पाकळ्या, वेलबुट्टी वेगळी कापून एकावर एक चिकटवली की तोच उठाव दिसतो. कापलेल्या कडेला लाटा दिसतात, त्यावर खळीने कागदाची पट्टी लावा. एकाच बाजूला ओला कागद लावला तर पुठ्ठा वाळताना वाकतो. म्हणून दोन्ही बाजूंना लावा आणि वजनाखाली वाळू द्या. भाद्रपदात हवा दमट असते, पूर्ण वाळल्याशिवाय रंग नको. तयार माल जमिनीवर नाही, फळीवर ठेवा.

जोडणीसाठी शक्यतो खाचा करा. एका तुकड्याला वरून अर्ध्यापर्यंत, दुसऱ्याला खालून अर्ध्यापर्यंत, खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच. असं मखर सुटं करून सपाट बांधता येतं. लोकलच्या गर्दीतून घाटकोपर-बोरिवलीला माल पोचवायचा असेल तर हे मोठं सुख आहे. थर्माकोलच्या किती कमानी डब्यात मोडल्या ते तुम्हालाच माहीत! आणि गिऱ्हाईक पुढच्या वर्षी तेच मखर वापरू शकतं, म्हणून भाव थोडा जास्त सांगायला लाजू नका.

समई-निरंजन मखरापासून लांब ठेवा, हे गिऱ्हाइकाला तोंडी सांगा आणि चिठ्ठीवरही लिहून द्या. पुठ्ठा पेटतो.

जुन्या शीट कोणाकडे उरल्या असतील तर चुलीत घालू नका, तो धूर वाईट असतो.

भाव ठरवताना नुसता पुठ्ठा-रंग-फेविकॉल धरू नका. कोण किती तास बसली ते वहीत लिहा आणि त्या तासांची मजुरी धरा. आधी एक नमुना करा, तो दाखवून ऑर्डर आणि थोडी आगाऊ रक्कम घ्या. कर्जाचा अर्ज त्यानंतर, आणि जेवढ्या ऑर्डर तेवढाच.