पांढरीची साक्ष
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं मागें वळून पाहावें, ही ख्रिस्तसभेची जुनी चाल आहे. परंतु मागें पाहावयाचें तें कोणत्या दृष्टीनें, याचा विचार क्वचितच होतो. आपल्या आरंभास शक्य तितकें पुरातनत्व द्यावें, वाडवडिलांची कीर्ति दुपटीनें सांगावी आणि अडचणीचें तेवढें वगळावें, असा मोह अशा प्रसंगीं प्रत्येक मंडळीस होतो. म्हणून आज आम्ही आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या मातींतून निघालेल्या कांहीं साक्षीपुराव्यांविषयीं बोलणार आहों. गतकाळाविषयीं खरें कसें बोलावें, हें त्या मातीपासून शिकण्यासारखें आहे.

आपण बहुतेक शेतकरी. 'काळी' आणि 'पांढरी' हे शब्द आपणांस कोणी समजावून सांगावयास नकोत. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. जेथें पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटल्या, भिंती उभ्या राहिल्या व खचल्या, सारवणें झालीं व राख सांडली, तेथील माती भुरकट व भुसभुशीत होते. गांव उठून गेलें तरी ती माती मागें राहते व तिचें टेकाड होतें. धाब्याच्या घरावर घालण्यास किंवा शेतांत टाकण्यास आपले वडील हीच माती गाड्या भरभरून नेत असत. पुराणवस्तुसंशोधक असलींच टेकाडें धुंडाळीत फिरतात. त्यांच्या शास्त्राचा पाया सोपा आहे: जागा हललेली नसेल तर जो थर खालीं तो आधींचा, जो वर तो मागाहूनचा. एखादें खापर कोणत्या थरांत आणि कशाच्या शेजारीं सांपडलें, हें तेथल्या तेथें लिहून ठेवलें तर तें खापर साक्षीदार होतें. तेंच कोणी हौसेनें उचलून घरीं नेलें तर तें मुकें होतें. मग तें नुसतें फुटकें मडकें.

याचें ठळक उदाहरण म्हणजे संग्रामपूर तालुक्यांतील पूर्णेकांठचें भोन. या शतकाच्या पहिल्या दशकांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. भास्कर देवतारे व त्यांचे सहकारी यांनीं तेथें उत्खनन केलें. तेव्हां मौर्य व सातवाहन काळांतील एका भरभराटलेल्या वस्तीचा मागमूस लागला. भाजलेल्या मातीचीं कडीं एकावर एक बसवून केलेल्या विहिरी तेथें मोठ्या संख्येनें आढळल्या. आणि विटांनीं बांधलेल्या एका बौद्ध स्तूपाचे अवशेषही उघडे झाले. प्रभु येशूच्या जन्मापूर्वीं दोन-अडीचशें वर्षें आपल्या या वऱ्हाडांत माणसें विहिरी बांधीत होतीं आणि मरणापलीकडील गोष्टींचा विचार करीत होतीं, हें त्या मातीनें सांगितलें. कोणत्याही पोथींत भोनची ही हकीकत नव्हती.

परंतु हेंच ठिकाण जिगांव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रांत येतें. पाण्याची किंमत खारपाणपट्ट्यांतील माणसास कोणी सांगावी? ज्याच्या विहिरीचें पाणी तोंडांत धरवत नाहीं, त्यानें धरणाची वाट पाहिली तर त्यास दोष देतां येणार नाहीं. तथापि पाणी कीं स्तूप, असा एकच प्रश्न करणें योग्य नव्हे. आंध्रांतील नागार्जुनकोंडा हें बौद्ध स्थान असेंच धरणाखालीं जाणार होतें. तेथें १९५४ पासून १९६० पर्यंत विस्तृत उत्खनन झालें, एकूण एक वस्तूची नोंद झाली, आणि मुख्य अवशेष उचलून उंच टेकडीवर पुन्हां रचण्यांत आले. ती टेकडी आज जलाशयांतील बेट आहे आणि तेथें वस्तुसंग्रहालय आहे. धरणही झालें व साक्षही राहिली. भोनविषयीं एवढीच काळजी घेतली जावी, अशी मागणी करणें हें शेतकऱ्याचें वैर करणें नव्हे.

कोणी म्हणेल, बौद्धांच्या स्तूपाशीं व हिंदूंच्या मूर्तींशीं आपणां ख्रिस्ती लोकांस काय कर्तव्य? याचें उत्तर आम्ही दोन प्रकारें देतों.

पहिलें उत्तर शेजारधर्माचें. १९५६ सालीं नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांच्या मागून या जिल्ह्यांतील सहस्रावधि कुटुंबें त्या मार्गानें गेलीं. त्यांतील पुष्कळांशीं आपली सोयरीक आहे, बांधास बांध आहे. ज्यांच्या पूर्वजांस गांवाच्या लिहिलेल्या इतिहासांत जागा मिळाली नाहीं, त्यांस भोनची वीट किती मोलाची वाटत असेल, हें आपणांस कळलें पाहिजे. तसेंच सिंदखेडराजा येथें २०२४ सालीं लखुजीराजे जाधव यांच्या समाधीच्या परिसरांत जतनाचें काम चालू असतां भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणास शेषशायी विष्णूची कोरीव पाषाणमूर्ति सांपडली. मूर्तीपुढें हात जोडणें हा आपला धर्म नव्हे. परंतु तिचा अवमान करणें हाही आपला धर्म नव्हे. अन्य धर्मांत जें सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाहीं, असें दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनें १९६५ सालीं जगापुढें स्पष्ट मांडलें आहे.

दुसरें उत्तर सत्याचें. आपला विश्वास एका घडलेल्या गोष्टीवर उभा आहे. पंतय पिलात हें नांव आपण दर रविवारीं विश्वासांगीकारांत उच्चारतों, तें उगीच नव्हे; आपल्या तारणाची घटना अमुक देशीं, अमुक अधिकाऱ्याच्या काळीं घडली, असें आपण त्यायोगें कबूल करतों. अशा धर्मास कुदळीचें भय कशाचें? रोम नगरांत संत पेत्राच्या महामंदिराखालीं पोप बारावे पायस यांच्या अनुज्ञेनें १९४० ते १९४९ या काळांत खोदकाम झालें. १९५० सालीं निष्कर्ष सांगतांना पोप महाराजांनीं प्रेषिताचें थडगें सांपडल्याचें जाहीर केलें. परंतु तेथें मिळालेलीं हाडें त्यांचींच होत, असें खात्रीनें सिद्ध करतां येत नाहीं, हेंही त्याच वेळीं सांगितलें. सारें जग ऐकत असतां त्यांनीं पुराव्यापुढें एक पाऊलही टाकलें नाहीं. याहून मोठा धडा कोणता?

आपल्या मुंबईंतही असा एक धर्मगुरु होऊन गेला. स्पेन देशचे येशूसंघीय फादर हेन्री हेरास हे १९२२ सालीं येथें आले आणि १९२६ सालीं त्यांनीं सेंट झेवियर कॉलेजांत भारतीय इतिहाससंशोधनाची संस्था स्थापिली. आज ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. त्यांनीं विजयनगरचा इतिहास धुंडाळला. बौद्ध, हिंदु व ख्रिस्ती अशा सर्व कलावस्तु सारख्याच आदरानें जमविल्या. सिंधु संस्कृतीची लिपि वाचण्याचा त्यांचा प्रयत्न विद्वानांस मान्य झाला नाहीं, तरी त्यांची योग्यता त्यामुळें उणी झाली नाहीं. १९५५ सालीं त्यांनीं याच देशांत देह ठेवला.

आतां आपल्या स्वतःविषयीं. सहाव्या शतकांतील कॉस्मस नांवाच्या प्रवाशानें 'कल्लियाना' येथें बिशप असल्याचें लिहिलें आहे, आणि पुष्कळ विद्वान तें आपलें कल्याण मानतात. परंतु तेवढ्यावरून वऱ्हाडांत तेव्हांपासून ख्रिस्ती होते, असें आपण म्हणूं नये. जें आपलें आहे तें पुरे आहे. आणि जें आहे तें लपवूंही नये. आपल्यांपैकीं कोणाचे आजेपणजे छपन्नच्या दुष्काळांत, १८९९-१९०० सालीं, भाकरीसाठीं मिशनच्या दारीं आले असतील, तर त्यांत लाज कसली? लोक टोमणे देतात म्हणून आपण ती गोष्ट घरांत पुरून टाकतों. पण प्रभूनें जनसमुदायास उपदेश केला आणि भाकरीही दिली. त्यानें दोहोंत भेद केला नाहीं. भुकेनें आलेला माणूस विश्वासानें राहिला, ही खरी आपली वंशावळ होय.

यास्तव या महोत्सवीं वर्षीं तीन कामें हातीं घ्यावींत, अशी आमची विनंति आहे. एक, बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु यांच्या जुन्या वह्या वाळवी व ओल यांपासून सांभाळाव्या. विवाहाची वही ठेवण्याचा नियम त्रेंतच्या विश्वपरिषदेनें १५६३ सालीं घातला. त्या वह्यांत आपल्या गरीब आजीचें नांव जसें लिहिलें आहे तसें दुसऱ्या कोणत्याही दप्तरांत क्वचितच सांपडेल. ज्या रकान्यांत बापाचा हलका समजला जाणारा धंदा लिहिला आहे, तेथें कोणीं खाडाखोड करूं नये. दुसरें, घरांतील वृद्धांचें बोलणें तरुणांनीं लिहून घ्यावें. कोण बोललें, कोणत्या दिवशीं बोललें, हेंही लिहावें. ऐकीव तें ऐकीव म्हणून लिहावें. तिसरें, शेतांत जुनें कांहीं लागलें तर तें फोडूं नये, विकूं नये; जागा जशीच्या तशी ठेवून सरकारी अधिकाऱ्यांस कळवावें.

शंभर वर्षांनीं आपणही कोणाची तरी पांढरी होऊं. तेव्हां आपल्या थरांत काय सांपडावें, हें आज आपल्या हातीं आहे. सत्यस्वरूप परमेश्वर आपणां सर्वांस खरें पाहण्याची, खरें बोलण्याची व खरें जपण्याची कृपा देवो. आमेन.